मे महिन्यातलं ग्रहण

सूर्यग्रहण दोन ऑगस्टला होतं, पण हणमंतरावांची तालीम मे महिन्यातच सुरू झाली. मयूर विहारातल्या त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी राजीव यांनी त्यांना लिफ्टमध्ये गाठलं. "अंकल, बच्चों को ग्रहण के बारे में आप ही बताइए." नाही म्हणायचा धीर झाला नाही, म्हणून ते हो म्हणाले. सगळी नोकरी सरकारी ग्रंथालयात गेलेली. तिथे फारसं बोलावं लागत नसे, हेच त्यांना आवडायचं.

वाचून त्यांनी पुष्कळ जमवलं. दिल्लीतून सूर्याची जेमतेम एक कड झाकलेली दिसणार होती. पोरं गगनयानाबद्दलही विचारणारच, म्हणून तेही वाचून ठेवलं. मग प्रयोग. पश्चिमेच्या खोलीची खिडकी उन्हामुळे तशीही ब्राऊन पेपरने झाकलेली होती. त्याला टाचणीने भोक पाडून त्यांनी समोर पांढरा पुठ्ठा टेकवला. पुठ्ठ्यावर सूर्य उतरला. रुपयाएवढा, फिकट, कडेला जरासा थरथरणारा. हणमंतराव एकटेच हसले.

मग त्यांना दिसलं की त्याचा एक घास गेलेला आहे.

भोकात कागदाचा तंतू अडकला असेल, म्हणून त्यांनी शेजारी दुसरं भोक पाडलं. दोन सूर्य उमटले आणि दोघांचाही घास गेलेला. त्यांनी काच पुसली, पुठ्ठा फिरवला. समोरच्या इमारतीवरची टाकी सूर्याच्या खूप खाली होती. ग्रहणाचा चष्मा लावून ते बाल्कनीत गेले. आकाशात सूर्य अख्खा होता. आत आले. घास तसाच.

दुसऱ्या दिवशी घास वाढला. तिसऱ्या दिवशी सूर्य निम्मा उरला. कापलेली कड गोल आणि स्वच्छ होती, चंद्राची असते तशी. पण अमावास्या तर लांब होती.

हणमंतरावांना थोरला भाऊ आठवला. विश्वनाथला आधी भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या होत्या, आणि दोन वर्षांत तो बायकोला 'बाई, आपण कोण?' म्हणून विचारू लागला. हणमंतरावांनी कुणाला न सांगता डॉक्टरांची वेळ घेतली.

"अहो, हा मेसेज कसला?" कौशल्याबाई त्यांचा फोन घेऊन आल्या. "मेमरी क्लिनिक?"

"काही नाही गं. सहज."

"सहज माणूस भाजी आणायला जातो. सुजयला सांगितलंत?"

"मुलाला कशाला उगीच काळजी? कुणालाच नाही सांगितलं."

"मलाही नाही. छान."

मग त्यांना सगळं सांगावंच लागलं. कौशल्याबाईंनी ऐकून घेतलं, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "चला, दाखवा."

"तुला नाही दिसणार."

"ते मी बघते."

हणमंतरावांनी दार लावलं. वाऱ्याने पुठ्ठा हलायचा, म्हणून कूलरही बंद केला. एकाएकी खोली फार शांत झाली. लांब पुलावरून मेट्रो गेल्याचा आवाज आला. कौशल्याबाई चष्मा सारखा करत वाकल्या. हणमंतराव पुठ्ठ्याकडे न बघता त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"काय दिसतंय?"

"थांबा हो."

त्या थोड्या पुढे सरकल्या.

"कोर आहे. कापलेल्या नखाएवढी. सूर्य कुठाय?"

हणमंतराव मटकन पलंगावर बसले. "पुन्हा सांग."

"कोर म्हटलं ना! आता ऐकूही येईना का?"

त्यांना हसू फुटलं, आणि मग डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. विश्वनाथच्या मुंग्या दुसऱ्या कुणालाच दिसल्या नव्हत्या. डोकं ठिकाणावर होतं. त्यांनी लगेच फोन करून डॉक्टरांची वेळ रद्द केली, आणि कौशल्याबाईंनी चहा टाकला. हे आहे तरी काय, असं दोघांपैकी कुणीच विचारलं नाही.

कप घेऊन ते बाल्कनीत उभे राहिले. ऊन डोळ्यांत खुपत होतं.

"ते काय हो?" कौशल्याबाईंनी खाली बोट दाखवलं.

फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली कवडसे पडले होते. नेहमी गोल असतात. आता त्यांतला प्रत्येक कवडसा म्हणजे एक बारीक कोर होती. शेकडो कोरी, सगळ्या एकाच बाजूला वळलेल्या. भाजीची पिशवी घेतलेली एक बाई त्यांच्यावरून चालत गेली. खुर्चीत झोपलेल्या गार्डच्या शर्टावरही त्या हलत होत्या.

"म्हणजे आपल्याच खोलीत नाही," कौशल्याबाई हळूच म्हणाल्या.

"नाही!" हणमंतराव जवळजवळ आनंदाने म्हणाले. "सगळीकडे आहे!"

वारा पडला.

कोरी बारीक होत गेल्या, दोऱ्याएवढ्या झाल्या, आणि एकदम विझल्या.

बाल्कनीचा कठडा हात भाजेल इतका तापलेला होता. रस्ताभर पांढरं ऊन होतं. झाडाखाली मात्र एकही ठिपका उरला नव्हता.

तिथे गार्डने झोपेतच पाय पोटाशी घेतले आणि दोन्ही हात काखेत खुपसले.