बा म्हणजे ये

माझ्या महेश्वरीचं लग्न झालं ते साल दोन हजार बावीस. लग्नाची नोंद करायला कचेरीत गेलो, तिथे साक्षीदार म्हणून माझा अंगठा घेतला. शाई काही केल्या निघेना. संध्याकाळी जेवताना व्याह्यांकडची एक बाई दुसरीला म्हणाली, "पोरगी एम.कॉम. आणि आई अंगठाबहाद्दर!" हसत म्हणाली, म्हणून जास्त लागलं. त्या पोरीला मी एकटीने, कडक भाकऱ्या थापून आणि विकून, एम.कॉम. केलं होतं.

मांडव उतरला आणि मी आमच्या गल्लीमागच्या शाळेत नाव घातलं. तिथे संध्याकाळी मोठ्या माणसांचा साक्षरता वर्ग भरायचा. शिकवायला अक्षता नावाची कॉलेजातली मुलगी. आम्ही तिला बाई म्हणायचो, ती आम्हाला काकू, आजोबा.

पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "तुम्हाला कशासाठी शिकायचंय?"

कुणी म्हणालं एसटीची पाटी वाचायला, कुणी म्हणालं फोनवरचं कळायला. मी म्हटलं, "अंगठ्याला शाई नको म्हणून." मागे भिंतीला टेकून एक उंच, वाळका माणूस बसला होता. तो म्हणाला, "माजं पोरगं प्रोफेसर हाय. त्यानं पुस्तक लिवलंय. काय लिवलंय ते बघायचंय." सगळे हसले. तो हसला नाही.

त्याचं नाव ज्ञानबा सरगर. मंगळवेढ्याकडचा मेंढका. आता एका गोदामावर राखण करायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. माझाही नवरा तसाच लवकर गेलेला.

महिनाभराने अक्षता म्हणाली, "आज प्रत्येकानं मनानं एक शब्द लिहायचा आणि पाटी वर धरायची." मी मागे वळून बघितलं. ज्ञानबाने पाटी अगदी माझ्या तोंडासमोर धरली होती. तिच्यावर लिहिलं होतं — बा.

आमच्या घरची भाषा कन्नड. मराठी जन्मापासून बोलते, पण शब्द डोक्यात आधी कन्नडमध्ये उमटतो. मी उठले, आणि सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"काय ओ?" तो गडबडला.

"काय म्हंजे? तुमीच बोलावलं की."

"मी? कवा?"

"पाटीवर लिवलंय न्हवं का... बा."

"अवो, बा म्हंजे माजा बाप!"

"आमच्यात बा म्हंजे ये."

सगळा वर्ग हसून लोळला. अक्षताने डस्टर तोंडावर धरलं, तिच्या नाकाला खडू लागला. मला जमिनीत जावंसं वाटलं. परत फिरले, तेवढ्यात तो हळूच म्हणाला, "आलाच हायसा... तर बसा की."

बसले.

मग तो रोज तेवढंच लिहायचा आणि पाटी जराशी माझ्याकडे कलवायचा.

"आज पण बापाची आठवण आली वाटतं?"

"व्हय. लई आली."

वर्ग सुटल्यावर तो मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायचा. श्रावणातली भुरभुर असली की पाटी डोक्यावर धरायचा — स्वतःच्या नव्हे, माझ्या. दुसऱ्या दिवशी पाटीवरचं सगळं धुऊन गेलेलं असायचं. अक्षता रागवायची. तो खाली मान घालून ऐकायचा, आणि मला हसू आवरायचं नाही.

एकदा त्याने विचारलं, "तुमच्यात निरोप घेताना काय म्हंत्यात?"

"बरतीनि."

"म्हंजे?"

"येते."

"जाताना येते? हे काय उफराटं?"

"तुमच्यात तरी काय म्हंत्यात? येते, असंच की."

तो रस्त्यात थांबला. "आयला... खरंच की. साठ वरसं बोलतूय, ध्यानात न्हाय आलं."

संक्रांतीला सोलापुरात गड्ड्याची यात्रा भरते, तिच्यात आम्ही दोघं फक्त पाट्या वाचत हिंडलो. पाळण्यात बसलो नाही, काही घेतलं नाही. 'येथे रांगेत उभे राहा' ही पाटी त्याने वाचली आणि खरंच उभा राहिला. रांग कशाची, हे कुणाला ठाऊक! मी पण त्याच्यामागे उभी राहिले.

ते पुस्तक त्याने घोंगड्यात गुंडाळून ठेवलं होतं. 'शिक्षण कशासाठी?' हे त्याचं नाव. लिहिणारा त्याचा मुलगा भारत. तो बार्शीला कॉलेजात पुढे मास्तर होणाऱ्या मुलांना शिकवायचा. वर्ग भरायच्या आधी शाळेच्या पायरीवर बसून आम्ही ते पुस्तक वाचायला लागलो. एका दिवसाला एखादं वाक्य. जोडाक्षर आलं की गाडी अडायची. 'स्वातंत्र्य' या शब्दातल्या शेवटच्या अक्षराने आमची सगळी संध्याकाळ खाल्ली.

उन्हाळ्यात एक वाक्य आलं. 'शिकलेला माणूस आपल्या आयुष्याचा निर्णय आपण घेतो आणि लोकांच्या बोलण्याला भीत नाही.'

एकदा त्याने वाचलं, एकदा मी. मग त्याने पानात बोट ठेवून पुस्तक मिटलं.

"काशम्मा..."

"हं?"

"एकट्यानं भाकर खायाचा कंटाळा आलाय मला."

मी म्हटलं, "माजी भाकर कडक असती."

"दात हायेत की अजून."

"मग?"

"मग... रीतसर करू. कचेरीत. दोघांच्या सह्या. अंगठा न्हाय."

महेश्वरीला फोन केला. ती आधी रडली, मग म्हणाली, "आई, माझ्या सासूला कळायच्या आत उरकून टाक." एवढं सोपं होतं ते तिच्यासाठी. राहिला भारत. त्याची आम्हाला काळजीच नव्हती. आम्ही नवशिके. छापलंय म्हणजे लिहिणाऱ्याला ते मान्य असणार, असं धरून चाललो.

भारत एका रविवारी सोलापूरला आला. मी भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन ज्ञानबाच्या खोलीवर गेले. मुलगा सभ्य. मला काकू म्हणाला, चटणीचं कौतुक केलं. ज्ञानबाने पुस्तक काढलं आणि ओळीखाली बोट धरून ते वाक्य वाचून दाखवलं, अडखळत, पण पुरतं. बापाला वाचताना पोराने पहिल्यांदाच ऐकलं. त्याचे डोळे भरून आले.

"बाबा, तुम्ही माझं पुस्तक वाचलंत!"

मला वाटलं, झालं आपलं काम. मग ज्ञानबाने आमचं सांगितलं.

भारत बराच वेळ ताटातल्या भाकरीचे तुकडे करत राहिला. खाल्ला एकही नाही.

"बाबा, ते पुस्तकातलं आहे."

"म्हंजे?"

"म्हणजे... ते विद्यार्थ्यांसाठी असतं."

"मग मी कोण हाय रे? मी बी इद्यार्थीच की!"

"तुम्हाला नाही कळायचं. त्या कॉलेजात आपल्या समाजाचा मी एकटा. एकेक पायरी चढताना सगळे टपून बसले होते, हा घसरतो कधी म्हणून. आता म्हणतील, सरगर सरांच्या बापाने म्हातारपणी दुसऱ्या जातीची बाई आणली. मी वर्गात काय तोंड दाखवू?"

मी विचारलं, "सर, शिकलं की भीती जाती, का वाढती?"

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "वाढते, काकू," म्हणाला.

खोटं बोलला नाही, एवढं मात्र खरं.

गुडघ्याच्या औषधपाण्याचं निमित्त काढून त्याने बापाला बार्शीला न्यायचं ठरवलं. जायच्या आधी आम्ही पायरीवर बसलो होतो. पुस्तक आणलं नव्हतं.

"निर्णय आपण घेतो म्हनं?" मी टोचून बोलले.

"पोरगं हाय, काशम्मा. त्याच्या शिक्षणापायी मी सगळी मेंढरं इकली. त्याला वर चढवलं मीच. आता खाली ओढू कसा?"

"म्हंजे तुमी त्याला शिकवलं, आणि त्यानं तुमास्नी."

"काय शिकवलं त्यानं मला?"

"लोकांस्नी भ्यायाला."

त्याला लागलं. लागावं म्हणूनच बोलले होते. तो गेला, आणि मी 'या' सुद्धा म्हटलं नाही.

दिवाळी झाल्यावर माझा राग थकला. अक्षताने कुणाकुणाला फोन करून निरोप पोचवला, आणि मी एकटी बार्शीला गेले. एसटीची पाटी स्वतः वाचून बसले. ज्ञानबा स्टँडवर काठी टेकून उभा होता. आधीच वाळका, आता सदराही अंगावर लोंबत होता.

बाकड्यावर बसून चहा घेतला.

"वाचताय का काही?"

"घरात भिंतभर पुस्तकं हायेत. हात लावला की सून म्हंती, डोळ्याला तरास नको, बाबा. मायेनंच म्हंती." तो हसला. "तुमी वाईट बोललासा त्या दिशी."

"व्हय. बोलले."

"खरं बोललासा."

परतीची गाडी लागली. मी खिडकीशी बसले. काच अडकलेली, उघडेना. बाहेरून काचेवर धूळ, आतूनही धूळ. तो काठी सावरत खिडकीखाली आला, हात उंचावला आणि बोटाने धुळीत लिहिलं. आतून मला ते उलटं दिसत होतं. पण ते अक्षर मी कसंही वाचलं असतं.

बा.

त्या क्षणी माझं ठरलं. संक्रांतीच्या भाकऱ्यांचं काम उरकलं की बार्शीत खोली घ्यायची. कुणाला विचारायचं नाही, कुणाला वाचून दाखवायचं नाही. मी आतल्या धुळीत लिहिलं — बरतीनि.

बाहेरून त्याला ते उलटं दिसत असणार. डोळे बारीक करून तो एकेक अक्षर लावायला लागला. ओठ हलत होते. गाडी सुटली. त्याला ते लागलं का, आणि लागलं तर त्याने काय धरलं — निरोप घेणारीचं येते, की येणारीचं येते — हे मला आजतागायत माहीत नाही.

संक्रांतीनंतर एका सकाळी मी भाकऱ्या बांधायला रद्दीतला पेपर घेतला. कोपऱ्यात त्याचा फोटो होता. फेट्यातला, कुठल्या तरी लग्नातला. खाली बारीक अक्षरं. मी बोट धरून वाचायला लागले. शिकलेली माणसं असं काही एका नजरेत वाचतात, आणि मग रडतात. मला एकेक अक्षर लावावं लागलं. 'प्रा. भारत सरगर यांचे वडील' इथपर्यंत तो जिवंत होता. पुढे 'वृद्धापकाळाने' आलं. त्यातल्या जोडाक्षराशी मी अडले. ते आम्ही अजून घेतलं नव्हतं. शेजारी सांगायला कुणी नव्हतं. अडले तिथे थोडा वेळ थांबले, पुढे गेलेच नाही. मग गेले.

अक्षताने विचारलं होतं, कशासाठी शिकायचंय. तेव्हा मला नीट सांगता आलं नव्हतं. आता हे एक वाक्य माझं मी लिहिते.

ज्ञानबा धुळा सरगर चौदा जानेवारी दोन हजार चोवीसला, भोगीच्या दिवशी, बार्शीत मुलाच्या घरी वारले.