चौघींची गोधडी

रविवारी तरी पाय पसरून निवांत पडावं, एवढीच सिस्टरची इच्छा होती. आठवडाभर हॉस्पिटलात रुग्णांना उचलायचं, घरी आलं की अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना. उजवा खांदा कायमचाच धरलेला. पण थोरली जाऊ कुणाचं ऐकते थोडीच!

"चल गं. चार टाके घालशील, चार गप्पा होतील," म्हणत तिने सिस्टरला वाचनालयामागच्या खोलीत ओढत नेलं.

तिथे लांब टेबलावर मुलांच्या वॉर्डासाठी भली मोठी गोधडी चालली होती. एका बाजूला शिंपीणबाई, समोर निवृत्त मास्तरीणबाई. सिस्टरचे टाके गोगलगाय गेल्यासारखे वाकडेतिकडे.

"असू द्या," शिंपीणबाई म्हणाल्या. "पोरं काय उठून टाके तपासणारेत?"

घरी जाताना सिस्टरच्या लक्षात आलं, खांदा दुखत नव्हता. नावालाही नाही.

पुढच्या रविवारी मास्तरीणबाई उजवा खांदा चोळत आल्या. "कुणीतरी लोंबकळत असल्यासारखं वाटतंय हो."

जिना चढताना सिस्टरचा गुडघा कुरकुरला होता, आणि गुडघे दुखायचे ते मास्तरीणबाईंचे. जावेला कधी नव्हे ती अर्धशिशी उठली होती, ती शिंपीणबाईंची. हळूहळू चौघींनाही उमगलं, पण तोंडाने कुणी उच्चारलं नाही. जाऊ तेवढी एकदा हसून म्हणाली, "वाटून घेतलं की हलकं होतं."

होतही होतं. कित्येक वर्षांनी सिस्टरला गाढ झोप लागू लागली. ती रविवारची वाट बघायला लागली.

मग आठवड्याच्या मधल्याच एका दुपारी मास्तरीणबाई गेल्या. घरी, बसल्या जागी, कुणाला हाक न मारता.

रविवारी तिघी जमल्या. चौथी खुर्ची कुणी हलवली नाही. डोळे पुसत त्यांनी सुया ओवल्या. कड तेवढी राहिली होती.

थोड्या वेळाने सिस्टरचे पाय गार पडू लागले. खिडकीतलं ऊन थेट पायांवर होतं, तरी गारठा गुडघ्यापर्यंत चढला.

"ताई, तुमचे पाय...?"

"केव्हाचे," जाऊ मान वर न करता म्हणाली.

असे पाय सिस्टरने वॉर्डात पुष्कळदा चाचपले होते. त्यांच्यावर चादर ओढताना घाई करायची नसते, हेही तिला माहीत होतं. तिने सुई खाली ठेवली.

"थांबू नका, सिस्टर," शिंपीणबाई पुटपुटल्या. "आपण थांबलो तर सगळं एकीवर येईल."

"कुणावर?"

शिंपीणबाई टाका घालत राहिल्या.

उठून निघून जावं असं सिस्टरला वाटलं. पण तिचीच पाळी आली, तर सासूबाईंची कूस कोण बदलणार? तिने एका हाताने जावेचं मनगट धरलं, दुसऱ्याने शिंपीणबाईंचं.

जावेच्या मनगटात एक ठोका पडला आणि नाडी थांबली.

पुढचा ठोका शिंपीणबाईंच्या मनगटात.

त्यानंतरचा तिच्या स्वतःच्या छातीत.

मग एका ठोक्यापुरती शांतता. तेवढ्यात रिकाम्या खुर्चीच्या बाजूने कापड हलकेच ओढलं गेलं, टाका घट्ट करताना ओढतात तसं.

आणि पुन्हा जावेच्या मनगटात ठोका पडला.