गांधाराची दुरुस्ती

मिरजेच्या यमुनाक्का नांदणीकर ध्वनिसंग्रहाच्या प्रयोगशाळेत वैजयंती आरगे आठ वर्षांनी पाऊल टाकत होती, तेही संस्थेच्याच निमंत्रणावरून. निमंत्रण प्रेमापोटी आलेलं नव्हतं. संग्रहाला पुढच्या पन्नास वर्षांसाठी ध्वनिशाळा निवडायची होती. ध्वनिशाळा म्हणजे गाणं मुद्रित करायचं, त्याचे थर रचायचे, कापायचे, जोडायचे आणि जपून ठेवायचं, हे सगळं एकाच पडद्यावर करणारी संगणकप्रणाली. निवड बाहेरच्या ध्वनितज्ज्ञानेच करावी, अशी अनुदान देणाऱ्यांची अट होती, आणि आसपासच्या चार जिल्ह्यांत वैजयंतीखेरीज दुसरं कोणी मिळालं नाही. संस्थेचे प्रमुख मुकुंदबुवा बेडगकर यांनी नाइलाजाने तिच्या नावावर सही केली होती.

प्रयोगशाळा हा फार मोठा शब्द झाला. मुळात तो तंबोरे बनवण्याचा कारखाना होता, यमुनाक्कांच्या माहेरचा. दगडी भिंती, उंच छत, आणि छताला सुकवायला टांगलेले डेऱ्याएवढे भोपळे. अक्का जन्मभर इथेच गायल्या. मोठमोठ्या स्टुडिओंनी पायघड्या घातल्या, पण अक्कांचं एकच म्हणणं, "कापूस लावलेल्या खोलीत मला घुसमटतं. भोपळ्यांखाली गाते, तिथं आवाज परत येतो." मुद्रण करणारे वैतागायचे, कारण त्या भिंती आणि भोपळे प्रत्येक स्वर थोडा वेळ घोळवून परत द्यायचे. अक्का ऐकायच्या नाहीत. आता भोपळे शोभेपुरते उरले होते आणि त्यांच्याखाली यंत्रं मांडली होती.

पलीकडच्या दालनात बुवांचा वर्ग चालू होता. वीसेक मुलं दरबारी रागातला गांधार स्वर घोकत होती. दरबारीचा गांधार कोमल गांधारापेक्षाही जरा खाली असतो आणि झुलत असतो. अक्कांचा तर इतका खाली झुलायचा की ऐकणारा हातातलं काम विसरायचा. मुलं वीस गळ्यांनी एकच स्वर लावत होती आणि त्यात काम विसरण्यासारखं काहीही नव्हतं. वैजयंतीने मनाला बजावलं की आपण इथे गाणं ऐकायला आलेलो नाही.

याच गांधारापायी तिला इथून काढलं होतं. अक्का गेल्या तेव्हा त्यांची ही शिष्या ध्वनिशास्त्र शिकायला कानपूरला होती. तीन वर्षं वसतिगृहाच्या गच्चीवर एकटीने रियाज केला आणि परतली, तर बुवांनी तिला पडद्यासमोर बसवलं. पडद्यावर अक्कांच्या मुद्रणातला गांधार हिरव्या रेघेत होता, आणि वैजयंतीने लावलेला लाल होऊन त्याच्या खाली लोंबत होता. "पुन्हा," बुवा म्हणाले. तिने पुन्हा लावला. "नाही. पुन्हा." सगळ्या शिष्यांसमोर हे तासभर चाललं. शेवटी ठराव झाला की वैजयंती आरगे यांनी अक्कांच्या गायकीचा अपभ्रंश केला आहे, सबब त्यांना शिकवण्यास व संग्रहातील मुद्रणं ऐकण्यास मनाई. तिने त्या दिवसापासून जाहीर गाणं बंद केलं. अंघोळीला पाणी तापेपर्यंत जो काय सूर लागे तेवढाच. पण राग काही गेला नव्हता, आणि तो का जावा?

"सुरू करू या?" डॉ. ऋत्विज दळवी म्हणाला. 'स्वरवेल' नावाच्या ध्वनिशाळेचा हा मुख्य संशोधक. अक्कांच्या शेवटच्या वर्षापासून संग्रह स्वरवेलमध्येच होता, जुन्या ध्वनिफिती तेव्हाच टाकून दिल्या होत्या, आणि पुढची पन्नास वर्षंही तो तिथेच राहावा म्हणून दळवी जातीने आला होता. माणूस गोड बोलणारा, आणि वाईट म्हणजे खरोखर हुशार. समोर स्पर्धेला होती 'पाटी'. फुकटातली, ओबडधोबड ध्वनिशाळा. जे ऐकेल ते तसंच लिहून ठेवायचं, यापलीकडे तिला काही येत नव्हतं.

"आधी मला जुनं मुद्रण ऐकू द्या," वैजयंती म्हणाली. "दरबारी."

दळवीने लावलं. अक्कांचा आवाज खोलीत भरला. वैजयंती डोळे मिटून ऐकत होती. गांधार आला तशी तिने डोळे उघडले.

"पुन्हा लावा."

तीनदा ऐकल्यावर तिला नेमकं सापडलं. अक्कांचा स्वर संपत होता आणि मागे भिंती-भोपळ्यांतून घुमून येणारा त्याचा प्रतिध्वनी उरत होता. त्या दोघांत खडखड होती, दोन तारा जवळजवळ जुळल्यात पण जुळलेल्या नाहीत, तशी. प्रतिध्वनी स्वरापेक्षा खाली होता.

"डॉक्टर, प्रतिध्वनी मूळ स्वरापेक्षा खाली कसा असेल?"

"नसतोच. भिंत स्वर बदलत नाही," दळवी म्हणाला आणि थांबला. त्यालाही ऐकू आलं होतं.

"तुमची प्रणाली आवाज साठवते कसा? मला शाळेतल्या मुलीला सांगता तसं सांगा."

दळवी खुलला. "आम्ही आवाज साठवतच नाही. फार जागा खातो. आम्ही कृतिसंचय करतो. म्हणजे असं बघा, पुरणपोळी डब्यात भरून ठेवण्याऐवजी तिची कृती ठेवायची. फाइल उघडली की स्वरवेल ती कृती वाचून गाणं त्या क्षणी ताजं बनवते."

"आणि बनवणारी कोण? दर वर्षी तुमची नवी आवृत्ती येते."

"येते, आणि आधीपेक्षा सुधारलेली असते. जगभर रोज कोट्यवधी गाणी स्वरवेलमध्ये उघडली जातात. त्या सगळ्यांवरून ती शिकते की स्वर म्हणजे काय."

"म्हणजे पुरणपोळी पहिल्या वर्षी आजीने केली. पुढच्या वर्षी कृती वाचून दुसऱ्या कोणी केली, जिने शंभर जणींच्या पोळ्या खाल्ल्यात. ती आपल्या अंदाजाने करणार."

"उत्तमच करणार."

"आणि फाइल मिटताना?"

"नवी कृती जुनीच्या जागी बसते."

"जुनी कुठे जाते?"

दळवीला प्रश्नच कळला नाही. "जुनी ठेवून करायचंय काय?"

वैजयंतीने टेबलाची कड घट्ट धरली. "दर वेळी उघडताना अक्कांचा गांधार चारचौघांच्या गांधाराकडे केसभर सरकला. बारा वर्षं रोज वर्गासाठी उघडला. मग प्रतिध्वनी का नाही सरकला?"

"प्रतिध्वनी स्वर नाही ना," दळवी विचार करत म्हणाला. "प्रणालीच्या लेखी तो गोंगाट. गोंगाटाची कृती होत नाही. तो गाळ म्हणून जसाच्या तसा बाजूला ठेवतो."

म्हणजे ज्याला गाणं समजून जपलं ते बिघडलं, आणि ज्याला गाळ म्हणून टाकलं त्यात अक्का शाबूत होत्या. वैजयंतीला हसूही आलं आणि संतापाने कानशिलंही तापली. आठ वर्षं. आठ वर्षं आपण स्वतःलाच बेसूर समजत आलो, ते या हिरव्या रेघेपायी.

"हात लावू नका कशाला," ती म्हणाली. "बुवांना घेऊन येते."

वर्गातून बुवांना उठवून, वाटेत सगळं सांगून आणायला वेळ लागला. बुवा साठीचे, शिस्तीचे, अक्कांवर मनापासून भक्ती असलेले. लबाड माणूस असता तर वैजयंतीला रागावणं सोपं गेलं असतं. ते येऊन बसले. "दाखव काय ते."

दळवीने मुद्रण लावलं. अक्कांचा स्वर संपला, मागे प्रतिध्वनी उरला, आणि दोघं एकमेकांत असे मिसळले की कुठे जोड दिसेना. खडखड नव्हती.

"काय केलंत?" वैजयंतीने विचारलं.

"तुम्ही फार बारीक दोष दाखवलात," दळवी कृतज्ञतेने म्हणाला. "आवाज आणि प्रतिध्वनी यांच्यात विसंगती होती. आमची नवी आवृत्ती गाळाचीही कृती करते. ती दाखवायलाच आणली होती, म्हणून लगेच बसवली. संग्रहातली सगळी मुद्रणं तिने एका दमात उघडून दुरुस्त केली. आता कुठेच विसंगती नाही."

"अहो, तो दोष नव्हता. पुरावा होता तो. अक्कांचा खरा आवाज जगात तेवढाच उरला होता, आणि तुम्ही तो पुसलात. मी हात लावू नका म्हणाले होते."

"पण आता ऐकायला किती छान वाटतंय," दळवी म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच आनंद होता, आणि तेच वैजयंतीला सहन होईना.

बुवा उठू लागले. "वैजू, आठ वर्षं झाली. अजून तुझं तेच चाललंय? तू चुकलीस हे मान्य करायला एवढं जड का जावं?"

"बसा बुवा," ती म्हणाली. "एकदा ऐका आणि मग जा."

ती भोपळ्यांखाली, अक्का बसायच्या तिथे जाऊन बसली. कोपऱ्यातला तंबोरा मांडीवर घेऊन तिने जुळवला. दळवीच्या पडद्याने सवयीने कान टवकारले आणि रेघ काढायला सुरुवात केली. वैजयंतीने षड्ज लावला, हिरवा. ऋषभ, हिरवा. मग ती गांधारावर आली, त्याला खाली ओढला, झुलवला, सोडला. रेघ लालभडक झाली. पडद्यावर अदबीने प्रश्न उमटला, 'स्वर दुरुस्त करू?' वरून भिंती-भोपळ्यांनी गांधार घोळवून परत दिला.

बुवा पुतळ्यासारखे बसले होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"पडदा लाल दाखवतोय," दळवीने सौम्यपणे सांगितलं.

"गप्प बसा हो," बुवा म्हणाले. "अक्का आहेत या. पंचमीला गायल्या होत्या, मी मागे तंबोऱ्यावर होतो. असाच. मी कसा विसरलो?"

ते तिच्याजवळ जाऊन बसले. "थांब. मला येतो हा. चौदा वर्षं मी अक्कांकडे घासलाय." त्यांनी डोळे मिटून गांधार लावला.

रेघ हिरवीगार झाली.

बुवांनी डोळे उघडून पडद्याकडे पाहिलं. पुन्हा लावला. हिरवी. गळा खाकरून, मान तिरकी करून, अक्का करायच्या तसा हात खाली नेत लावला. हिरवीच. चूक त्यांना ऐकू येत होती, पण गळा ऐकत नव्हता. बारा वर्षं रोज सकाळी त्यांनी निष्ठेने अक्कांच्या मुद्रणाबरोबर रियाज केला होता, आणि मुद्रण सरकेल तसा केसाकेसाने तो गळाही सरकला होता. पलीकडे त्यांची मुलं अजून घोकत होती. भिंतीतून आलेल्या त्या वीस गळ्यांच्या गांधारालाही पडद्याने हिरवी रेघ दिली.

"मग तुझा कसा राहिला?" बुवांनी विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"कारण तुम्ही मला मुद्रणं ऐकायची बंदी केलीत," वैजयंती म्हणाली. "निष्ठेने ऐकलं त्या सगळ्यांचा गेला. मला शिक्षा झाली म्हणून माझा राहिला. मी तुमचे आभार मानावेत असं वाटत असेल तर ते व्हायचं नाही. आठ वर्षं मी गायले नाही, बुवा. पाणी तापेपर्यंतच्या वेळात जपलाय हा मी."

बुवांनी पडद्याकडे पाठ फिरवली.

दळवीने हळूच विषय काढला. "तर मग निवडीचं काय? म्हणजे, आमच्याकडे आता तुमच्या गांधाराचा नमुनाही मुद्रित झाला आहे. पुढच्या आवृत्तीत..."

"पाटी," वैजयंती म्हणाली. "माझा निर्णय पाटी. आणि तुमच्याकडचा नमुना आत्ता माझ्यादेखत पुसा. तुम्हाला पुसायला छान येतं."

"पण पाटीला गाण्यातलं काहीच कळत नाही. सूर आणि दाराची कडी, तिला सारखंच."

"म्हणूनच. पन्नास वर्षं जपायचं असेल तर ज्याला कळत नाही त्याच्याकडे द्यावं. कळणारा हात लावल्याशिवाय राहत नाही."

दळवीने नमुना पुसला आणि यंत्रं आवरून घेतली. वैजयंतीने आपल्या पिशवीतून जुना संगणक काढून त्यावर पाटी उघडली. रेघा नाहीत, रंग नाहीत, नुसता काळा पडदा. तिने दरबारी पहिल्यापासून गाऊन मुद्रित केला. भोपळ्यांचा प्रतिध्वनी, पलीकडची मुलं, दळवीच्या गाडीचा आवाज, सगळं त्यात आलं आणि तिने ते येऊ दिलं.

मुद्रण संपलं तरी बुवा उठले नव्हते. त्यांनी तंबोरा आपल्याकडे ओढून घेतला. "वैजू," ते म्हणाले, "मला शिकवशील?"

तिचा राग होता तिथेच होता. पण अक्कांचा स्वर जगात आता एकाच गळ्यात होता, आणि एक गळा फार थोडा.

"लावा," ती म्हणाली.

बुवांनी गांधार लावला.

"नाही," वैजयंती म्हणाली. "पुन्हा."