एक तृतीयांश

देव माणसांशी बोलायला नेहमी उंच जागा निवडतो, असं आमच्या इस्पितळाचे फादर प्रवचनात सांगतात. आमच्याकडे त्याने तिसरा मजला निवडला, कारण चौथ्या मजल्याला अजून काचाच बसवल्या नव्हत्या.

तिसऱ्या मजल्यावर ज्या बायकांचा गर्भ टिकत नाही त्यांचा वॉर्ड आहे. महिना महिना त्यांना नुसतं झोपवून ठेवतात, खाटेच्या पायथ्याखाली दोन-दोन विटा लावून. बारा खाटा. नंबर दारापासून सुरू होऊन डावीकडून टोकाच्या काचेपर्यंत जातात आणि उजवीकडून परत दाराशी येतात. टोकाला भिंतभर एकच दुहेरी काच. मी या इस्पितळाचा देखभाल इंजिनियर. नळ, लिफ्ट, जनरेटर आणि दारांची कुरकुर ही माझी खाती. दुहेरी काच म्हणजे दोन काचा आणि मध्ये कोंडलेली कोरडी हवा. कडेचं रबर सुटलं की आत ओल शिरते, आणि मग तो डाग कोणालाच पुसता येत नाही, कारण तो ना या बाजूला असतो ना त्या बाजूला. उन्हाळ्याच्या तोंडावर असा डाग पडला. मी वहीत लिहिलं, 'तिसरा मजला, काच, सील गेले.' त्याच दुपारी फाटकाशी माणसं गुडघे टेकून बसलेली दिसली.

खाली जाऊन वर पाहिलं. खोटं कशाला बोलू, बाईच होती. डोक्यावरून वस्त्र घेतलेली, मान किंचित कललेली, रस्त्याकडे बघणारी. पायाखाली चंद्रकोरीसारखी ओल साचलेली. डोक्याभोवती कमानीत थेंब होते, सुटे सुटे, बारा. तळाशी सुटलेल्या रबराचं काळं वेटोळं पडलं होतं, पण त्याकडे कोणी बघत नव्हतं. बघणाऱ्याने काय बघायचं ते आधीच ठरलेलं असतं.

"तुम्ही त्याला रबर म्हणा," बायको म्हणाली. "मी नमो मारिया म्हणते. दोघांचंही काम होऊन जाऊ दे."

आमच्या घरातली श्रद्धा तिच्या वाट्याला आली आहे. मी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसतो, तोही दाराजवळच्या. पण या खेपेला मी तिची चेष्टा केली नाही. आमची धाकटी मुलगी त्याच वॉर्डात होती, अकरा नंबरला. आधी दोनदा गेलं होतं. दोन्ही वेळा सहाव्या महिन्यात. आता सातवा लागला होता आणि घरात कोणी आठवा हा शब्द उच्चारत नव्हतं.

त्या वॉर्डात नावाने कोणी हाक मारत नाही. 'सात नंबरचं बीपी', 'चार नंबरचं दूध'. खाटेच्या डोक्याशी पत्र्याची पाटी असते, तिच्यावर नंबर, आणि त्याच पत्र्याला फाईल अडकवायचा हुक. ही रचना माझीच. चार स्क्रूंत काम भागतं.

बारा नंबरला एक टीचर होत्या. वय एक्केचाळीस, लग्न उशिरा, आणि हे पहिलंच. पडल्या पडल्या वह्या तपासायच्या आणि त्या संपल्या की जेवण तपासायच्या.

"आजच्या सूपला पस्तीस," त्या म्हणायच्या. "काठावर पास."

"आणि भाताला?"

"भात गैरहजर."

धाकटी हसायची. हसू नकोस, पोटावर ताण येतो, असं मोठ्या सिस्टर ओरडायच्या. मोठ्या सिस्टर म्हणजे वॉर्डच्या इन्चार्ज. वीस वर्षं त्या मजल्यावर काढलेली बाई. बारा पोटं त्यांना पाठ होती.

काचेबद्दल पहिली शंका टीचरांनीच काढली. "इंजिनियर, खालच्या लोकांना म्हणे चेहरा दिसतो. आम्हाला पाठ का?"

मी म्हटलं, डाग आहे, इकडून उलटा दिसणार.

"उलटा म्हणजे डावा-उजवा. चेहऱ्याची पाठ कशी होईल? फळ्यावर लिहिणारी बाई दिसावी तशी दिसते आम्हाला."

मी आतून नीट पाहिलं. बरोबर होतं. वस्त्राची मागची चूण दिसत होती. एकाच ओलीला पुढून चेहरा आणि मागून पाठ कशी असेल, याचा मी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी लिफ्ट अडकली आणि तो विचार राहून गेला.

फादर वर येऊन बघून गेले. वयस्कर, किडकिडीत, बोलताना कवळी सांभाळणारे. मी विचारलं, "मग, मान्यता देणार?"

"चौकशी लागते. वर्षं जातात. चर्च घाई करत नाही."

"म्हणजे आमच्या काच कंपनीसारखंच."

ते हसले नाहीत. "लोकांना वाटतं, ती काहीतरी नवीन सांगायला येते. नवीन सांगायला काही उरलेलंच नाही. स्त्रीची संतती तुझं डोकं ठेचील, हे सापाला बायबलच्या पहिल्याच पुस्तकात सांगून झालं. कुमारीला मुलगा होईल, हे यशया संदेष्ट्याने सांगितलं. शेवटच्या पुस्तकात योहानाने तीच बाई आकाशात पाहिली. ती आली तर फक्त आठवण द्यायला येते."

"कशाची?"

"जे लिहिलेलं आहे त्याची," ते म्हणाले, आणि टीचरांच्या वह्यांच्या गठ्ठ्याला वळसा घालून निघून गेले.

फाटकावर भाविकांनी फळा लावला. सुरेख अक्षरात प्रकटीकरणातली, म्हणजे त्याच शेवटच्या पुस्तकातली, ओळ लिहिली होती. सूर्य पांघरलेली स्त्री, पायांखाली चंद्र, मस्तकी बारा ताऱ्यांचा मुकुट. तिथे फळा संपला म्हणून मजकूरही संपला. पुढचं वाक्य वाचायची सवय मला ठेकेदारांच्या करारांनी लावली आहे. घरी बायकोचं बायबल काढलं. पुढे लिहिलं होतं की ती बाई गरोदर होती आणि कळांनी ओरडत होती. मग एक तांबडा अजगर येतो. शेपटाने आकाशातले एक तृतीयांश तारे खाली पाडतो आणि बाळ जन्मताच गिळून टाकावं म्हणून तिच्यासमोर उभा राहतो.

एक तृतीयांश. बाराचे चार.

मी पुस्तक मिटून परत जागेवर ठेवलं.

काच कंपनीला पुरावा हवा होता म्हणून मी रोज सकाळी दहाला वॉर्डात जाऊन आतून डागाचा फोटो काढत असे. पहिल्या सोमवारी फोटोत डावीकडून तिसरा थेंब नव्हता. ओल आहे, सुकणारच. संध्याकाळी तीन नंबरची खाट रिकामी झाली. गुरुवारी आठवा थेंब गेला. आठ नंबरची बाई तीन वेळा आई व्हायला निघालेली, ती त्या संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पुढच्या मंगळवारी पाचवा. पाच नंबरच्या बाईने जाताना काचेला हात जोडले. मला ते बघवलं नाही.

"वॉर्डच तसा आहे, साहेब," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "कधी महिनाभर एक नाही, कधी ओळीने तीन. मनाला लावून घेऊ नका."

त्या सांगत होत्या ते खरंच असणार. माझ्याकडे तीन फोटो होते आणि तीन म्हणजे काहीच नाही. तिघांवर कोणी नियम बांधत नाही, इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षात हे शिकवतात.

शुक्रवारी सकाळी दहाला मी फोटो काढायला गेलो. टीचर खुशीत होत्या.

"आज मला बढती. रात्रभर बारीक कळा होत्या. तीन वाजता सलाईन लावणार आहेत, कळा थांबवायची. सकाळच्या डॉक्टरांना पंचाऐंशी गुण दिले मी."

"पंधरा कुठे कापले?"

"अक्षर."

मी हसलो आणि काचेकडे वळलो. थेंब मोजले. अकरावा निम्मा झाला होता. मी बघत असताना त्याची कड आत सरकली.

डॉक्टरांच्या खोलीत गेलो. मुलीला दुसऱ्या वॉर्डात हलवता येईल का, असं विचारलं. ते म्हणाले, "स्ट्रेचरवर उचललं तरी धोका आहे. खाटेवरून हलवायचं नाही." त्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं, काचेचं काम काढायचंय, धूळ होईल. ते म्हणाले, काच नंतर करा.

दीड वाजता थेंब टाचणीच्या डोक्याएवढा होता.

माणूस हलवता येत नसेल तर नंबर हलवावा, हे मला कसं सुचलं ते मी सांगू शकत नाही. मी देव मानत नाही, अजगरही मानत नाही. हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन जिना चढताना मी स्वतःला हेच सांगत होतो: मानत नाही, तर नुकसान काय?

अडीच ते तीन वॉर्डात पडदे ओढून झोपायची वेळ असते. मोठ्या सिस्टरची पाळी संपत आलेली. तीनला बदली सिस्टर येणार होती, दुसऱ्या मजल्यावरची, नवी. धाकटी एका कुशीवर झोपली होती, हात पोटाखाली. टीचरांच्या छातीवर उघडी वही होती, लाल पेन बोटांत तसंच.

चार स्क्रू. मग चार स्क्रू.

अकराची पाटी बाराला लागली, बाराची अकराला. हुकांवरच्या फायली पाट्यांबरोबर गेल्या.

जाताना काचेकडे पाहिलं. पडद्याच्या फटीतून ऊन येत होतं. अकरावा थेंब नव्हता.

मी तळघरात जाऊन जनरेटर चालू करून बसलो. वीज गेलेली नव्हती.

टीचरांचं बाळ संध्याकाळी सात वाजता गेलं. मुलगा होता.

दुसऱ्या दिवशी वर गेलो तेव्हा दाराजवळची खाट रिकामी होती. गादी उभी करून ठेवली होती. वह्यांचा गठ्ठा खाटेखाली राहिला होता.

"पप्पा," धाकटी हळू आवाजात म्हणाली, "काल मला सलाईन का लावली?"

"डॉक्टरांना माहीत."

"टीचर ओरडत होत्या, माझी सलाईन, माझी सलाईन म्हणून. नवी सिस्टर म्हणाली, अकराला नाही लिहिलेली. त्या म्हणाल्या, मी बारा आहे. ती म्हणाली, पाटी बघा." धाकटीने श्वास घेतला. "टीचरांनी मान मागे करून पाटी वाचली. मग वही मिटून ठेवली. पप्पा, मी अकरा होते ना?"

"तू बाराच होतीस."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग काचेकडे बघायला लागली.

मीही बघितलं.

आता आतून चेहरा दिसत होता.

चेहरा म्हणजे काय, दोन पुसट डाग आणि मध्ये एक उभी ओल. पण ती कुठे बघते आहे ते कळत होतं. डोक्याभोवती आठ थेंब होते. पायाशी रबराचं वेटोळं नव्हतं. ते कुठे गेलं हे मी शोधलं नाही.

त्या दिवसापासून खालच्या लोकांना पाठ दिसू लागली. पाठीपुढे कोणी फार वेळ गुडघे टेकत नाही. आठवड्यात फाटक मोकळं झालं. फळा कोणीतरी नेला. पुढच्या महिन्यात कंपनीने काच बदलून दिली, सीलचा दोष मान्य करून. जुनी काच उतरवली तेव्हा आत थेंबभरही ओल नव्हती.

धाकटीला नवव्या महिन्यात मुलगा झाला. वजन दोन किलो आठशे. तब्येत ठणठणीत. बायको म्हणते, ही तिचीच कृपा. मी हो म्हणतो.

टीचरांनी सकाळच्या डॉक्टरांना दिलेले पंचाऐंशी गुण मी ऐकले होते. तीन वाजता सलाईन, हेही ऐकलं होतं. पाट्या बदलताना ते मला आठवत नव्हतं, असं मी स्वतःला अजून सांगतो.

मोठ्या सिस्टरना मात्र बारा पोटं पाठ होती. त्या शनिवारी सकाळी दारात उभ्या राहून त्यांनी एकदा पाट्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. नव्या सिस्टरचं पहिलंच वर्ष होतं.

"काल वॉर्डात काम होतं का, साहेब?"

"स्क्रू ढिले होते."

"मग तसं लिहून ठेवा," त्या म्हणाल्या आणि चादरी मोजायला गेल्या.

मी लिहिलं. देखभाल वही, शुक्रवार: 'तिसरा मजला, खाट अकरा व बारा, पाट्यांचे स्क्रू ढिले, घट्ट केले.' खाली माझी सही आहे.

स्क्रू ढिले नव्हते.