चिंधूसमोर न वाजणारे वाल्व

जाम गावच्या चौफुलीवर माझं इंजिनकामाचं दुकान होतं. मायक्रोमीटर सांगेल ते खरं, बाकी सगळ्या गप्पा, असा माझा खाक्या. ट्रकला लिंबू-मिरची बांधणाऱ्या गिऱ्हाइकांची मी यथेच्छ टर उडवत असे. म्हणूनच १९८६च्या उन्हाळ्यातली ही गोष्ट आजवर कुणापाशी बोललो नाही.

माझा धाकटा भाऊ चिंधू रूपरावांचा ट्रक चालवायचा. हिंगणघाटहून रुईच्या गाठी भरायच्या, नागपूरला उतरवायच्या. रूपरावांनी वणीकडच्या खाणीतल्या मोडीत निघालेल्या यंत्राचा टर्बो आणला आणि त्या ट्रकला जोडायला लावला. टर्बो इंजिनात हवा कोंबतो. ताकद वाढते, तशी आतली आगही वाढते. अशा इंजिनात धूर बाहेर सोडणारे वाल्व फुलाच्या आकाराचे हवेत, दांडीपासून डोक्यापर्यंत जाड होत गेलेले. मोठ्या डोक्याच्या खिळ्यासारखे चपटे वाल्व हलके असतात, पण त्या आगीत मानेशी तुटतात. हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी रूपरावांची घाई, फुलाचे वाल्व यायला आठवडा लागणार, आणि मी चपटे बसवून दिले.

मंगळवारी हिंगणघाटच्या पुढे एक वाल्व तुटला आणि इंजिन अडकलं. भरला ट्रक रस्ता सोडून बाभळीवर आदळला. मी पाहायला गेलो तेव्हा स्टिअरिंगचं चाक सीटच्या पाठीला टेकलेलं होतं. चिंधूला मात्र ओरखडाही नव्हता. तो चालत एसटीपर्यंत गेला आणि संध्याकाळी घरी येऊन जेवला.

चूक माझी होती, आणि ती मला आतून खात होती. भाऊ वाचला होता. पुन्हा माझ्या हातून त्याच्या जिवाशी खेळ व्हायला नको होता.

रविवारी नागपूरहून फुलाच्या आकाराचे सहा वाल्व आणले. भर दुपारी दुकानात एकटाच बसून मापं घेतली. सगळी चोख. शेवटची पारख कानाची. वाल्व दोऱ्याला टांगायचा आणि खिळ्यानं हलकेच ठोकायचा. आत तडा नसला की तो पितळी ताटासारखा लांबवर वाजतो. न वाजलेला वाल्व मी कधी बसवला नाही.

पाच वाल्व वाजले. तेवढ्यात चिंधू आला आणि समोरच्या ऑइलच्या डब्यावर बसला.

सहावा वाजला नाही.

मी तो बाजूला ठेवून आधी वाजलेला एक उचलला. तोही गप्प.

"काऊन दादा, माल खराब देल्ला का?"

"बिडी घेऊन ये जरा."

तो गेला आणि सहाच्या सहा वाजले. तो परतला आणि सगळे मुके झाले. मी चपटा वाल्व ठोकला, पाना ठोकला, पाण्याचा पितळी लोटा ठोकला. ठोकलेल्या धातूची थरथर हाताला लागत होती. आवाज नव्हता. बाहेर हायवेवर ट्रक नेहमीसारखे गरजत जात होते.

"चांगले त दिसून राह्यले," चिंधू म्हणाला. "बसवून टाकजो उद्या. केबिन दुरुस्त झाली का मले गाडी काढाची आहे."

"नाई बसवत."

"मंग चपटे बसव."

"तुले गाडीवर जाऊ देत नाई मी!"

तो हसला. "मले काय झालं? धडधाकट बसलो आहो ना तुह्या समोर."

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. त्याची बायको नलू माझ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, भासऱ्याशी, कधी थेट बोलत नसे. त्या दिवशी ती दाराआडून बोलली.

"दादाजी, मंगळवारपासून माह्या बांगड्या वाजत नाई. ते घरात असले का आवाजच नाई. बाहेर गेले का वाजते."

चिंधू अंगणात खाटेवर पडला होता. मी त्याच्याजवळ बसलो.

"सदरा काढ."

त्यानं काढला. मी छातीवर कान ठेवला. डावीकडे, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. अंग गरम होतं. बिडीचा वास येत होता.

मग तळहात दाबून ठेवला. बराच वेळ ठेवला.

पान्याची थरथर तरी हाताला लागली होती. इथे तीही नव्हती.

"वाजते ना, दादा?" त्यानं हसत विचारलं.

दारात नलू तोंडाशी पदर धरून उभी होती.

"वाजते," मी म्हणालो.

ती आत गेली आणि तिनं त्याचं ताट वाढलं.