शर्टाला टाचलेला निबंध

“हे माझ्याबद्दल आहे का?” काउंटरपलीकडून एकानं विचारलं आणि शर्टाला टाचलेली चिठ्ठी पुढे केली.

मी वाचलं आणि जीभच चावली. ‘माझे नेतृत्वगुण — शी, धडधडीत खोटं! माझी समाजसेवा — कधी केली?’

अगं बाई!

मावशीच्या लाँड्रीत मी दिवसभर उभी राहून इस्त्री करते. पायांचे तुकडे पडलेले, आणि त्यात कॉलेजच्या प्रवेशअर्जासाठी स्वतःवर निबंध लिहायचा. दोन वर्षं अर्ज हुकलेला, यंदा शेवटची संधी, शुक्रवारपर्यंत पोस्टात पडायला हवा. सुचेल ते गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्यांमागे खरडत होते. त्यातली एक उलटी टाचली गेली.

“मी लिफ्ट दुरुस्त करतो,” तो म्हणाला. “नेतृत्व आमच्याकडेही नाही हो. खाली-वर तेवढं असतं.”

इतकी दमले होते, तरी हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी स्वारी पुन्हा हजर, आणखी एक चुरगळलेला शर्ट घेऊन. “सुचलं काही?”

“डोकं बधिर झालंय.”

“एखादा कठीण प्रसंग?”

“सगळंच कठीण होतं. पाचशे शब्दांत कुठं मावणार?”

“बरं… छंद?”

“झोप.”

“अरे वा, माझाही!”

तिसऱ्या दिवशी तो काउंटरवर कोपर टेकून उभा राहिला. मी कॉलरवर वाफ सोडत होते. “दिवसभर शर्टच बघता तुम्ही,” तो हळूच म्हणाला. “काय दिसतं त्यात?”

माझा हात थांबला. असं कुणी कधी विचारलंच नव्हतं मला.

दुपारी स्टुलावर बसून एका दमात लिहून काढलं. शुक्रवारी तो शर्ट घेऊन आला तसा कागद पुढे सरकवला. “वाचा. पण तोंड वाकडं करायचं नाही.”

तो वाचत गेला. कुणाच्या बाहीवरची शाई, कुणाची उलटवून शिवलेली कॉलर… शेवटाला आला आणि त्याचे कान लाल झाले. तिथं होतं — ‘एक गिऱ्हाईक धुतलेला, इस्त्रीचा शर्ट मुद्दाम चुरगाळून आणतं. मला लगेच कळलं. मी बोलले नाही, कारण दिवसभरात त्या एका शर्टाची मी वाट बघते.’

“हे… कॉलेजला पाठवणार?”

“खरं तेच लिहा, असं छापलंय अर्जावर.”

त्यानं अर्जावरचं कॉलेजचं गाव वाचलं. मग म्हणाला, “प्रवेश मिळाला तर चार वर्षं लांब जाशील तू.”

“जाईन. फार थकलेय रे मी इथं. पण तू आवडतोस मला… तेही खरंच आहे.”

“मलाही तू,” तो म्हणाला, “चिठ्ठी वाचली तेव्हापासून.” त्यानं निबंध अर्जाबरोबर पाकिटात घातला, चिकटवला, काखेत धरला. “पोस्ट पाचला बंद होतं. मीच टाकतो.”

“आणि शर्ट?”

“राहू दे. चुरगळलेलाच घालीन,” तो दारातून म्हणाला. “तू सुट्टीला आलीस की सगळा गठ्ठा घेऊन येतो.”