नारंगी चष्म्यांची खोली

"आज मी नळीला आणखी जोर लावणार," आत्या म्हणाली, तशी तिघा भावंडांनी एकमेकांकडे पाहिलं.

सुट्टी लागल्यापासून तिघं आत्याच्या प्रयोगशाळेतच पडीक होती. घरी बसून करणार काय? त्यांचे बाबा पाणबुडे होते. गेल्या वर्षी वर वादळ उठल्याचा निरोप खाली पोहोचला नाही आणि बाबा परतलेच नाहीत. तेव्हापासून घरात कुणी रडत नव्हतं की हसत नव्हतं. घास पोटात जायचा, चव लागायची नाही.

आत्या लेझर बनवत होती. नळीतल्या वायूला विजेचा जबर झटका दिला, की हिरव्या उजेडाचा ठोका बाहेर पडे. अशा ठोक्यांमधून पाण्याखाली निरोप धाडायचा होता. पण पाण्याने भरलेल्या लांबलचक टाकीच्या दुसऱ्या टोकाला, तिथल्या काट्यानुसार, उजेड दिवसेंदिवस मंदच पोहोचत होता. आज जमलं नाही तर काम बंद, असं मोठ्या साहेबांनी बजावलं होतं. मदतनीस काका नळीच्या नावाने बोटं मोडत आणि आत्या जोर वाढवी. ही नळी शेवटची होती. तडकली की खेळ खलास.

"ठोका तर पूर्ण ताकदीनं निघतोय," नळीजवळचा काटा पाहून मधला म्हणाला. "मग दोष नळीचा कसा?"

काकांनी त्याला मोठ्यांच्या कामात नाक खुपसू नकोस म्हणून गप्प केलं. पण थोरली हट्टाला पेटली. ठोका नीट निघतो तर वाटेत कुठे अडतो ते बघू, म्हणून तिने आत्याची पाठच धरली. शेवटी आत्याने लेझर बंद करून किल्ली खिशात टाकली. त्यामुळे धाकट्या पिटुकलीलाही आत सोडलं; लेझरपासून डोळे वाचवणारा नारंगी चष्मा तिच्या मापाचा नसल्याने तिला एरवी दारातच थांबावं लागे.

पिटुकली टाकीच्या पार टोकाला जाऊन उभी राहिली.

"ही काच हिरवी का गं?"

काच लख्ख असल्याचं काका ठामपणे म्हणाले. थोरलीने मात्र चष्मा कपाळावर सरकवला आणि बघतच राहिली. काचेला आतून शेवाळ धरलं होतं!

डोळे सांभाळायला घातलेले ते नारंगी चष्मे हिरवा रंगच अडवत. दारात घालायचे, दारातच काढायचे, हा नियम सगळ्यांनी इतका कसोशीने पाळला, की टाकी उघड्या डोळ्यांनी कुणी पाहिलीच नव्हती. काकांनी निमूटपणे बाह्या सरसावल्या आणि काच घासून काढली.

साहेब आले. पिटुकलीला पुन्हा दाराबाहेर उभं करून आत्याने जोर न वाढवताच लेझर सुरू केला. पलीकडच्या पडद्यावर दोनच शब्द उमटले: वर या.

साहेबांनी तिघांची पाठ थोपटली, काम चालू राहील म्हणाले. मुलांना आनंद व्हायला हवा होता. पण नुसतंच बधिर वाटत होतं. लेझर बंद होताच पिटुकलीने आत येऊन आत्याचा हात धरला.

"आता बाबांना ऐकू जाईल?"

"नाही गं," आत्या म्हणाली. "पण दुसऱ्या कुणाच्या तरी बाबांना जाईल."

आणि वर्षभरात पहिल्यांदाच ती मुलांसमोर रडली. मग तिघंही रडली.